पट्टा हिरवा होता

सांगली-मिरजेकडच्या एखाद्या देवळात वैजयंतीबाई गुरवांचं कीर्तन असलं, की नमनाआधीच त्या हात जोडून सांगत, "मंडळी, आपल्याकडे टाळ्या नाहीत बरं का. जयजयकारही पोटातल्या पोटात करा. देवाला ऐकू जातो."

नवखी माणसं बुचकळ्यात पडत. जुनी माणसं त्यांना कोपराने ढोसून बाईंच्या डाव्या हाताला बघायला सांगत. तिथे पेटी-तबल्याच्या मागे, खांबाला पाठ टेकवून, एक उंच, किडकिडीत, तिशीतला माणूस मांडी घालून बसलेला असे. हातात झांज, नजर कुणाकडेच नाही. हा बाईंचा मुलगा, आल्हाद. त्याला टाळ्यांचा कडकडाट सहन होत नसे. कानांवर हात दाबून तो खांबाशी मुटकुळं करी आणि मग तासभर कुणाच्या हाताला लागत नसे. झांजेचा आवाज मात्र त्याला चाले, कारण तो कधी येणार हे त्याला ठाऊक असे. सोळा वर्षांत त्याची झांज एकदाही चुकली नव्हती. पेटीवाले गजाभाऊ म्हणत, "तीन तबलजी झाले, माझी पेटी म्हातारी झाली, पण हे घड्याळ काही मागे पडत नाही."

आल्हाद स्वमग्न होता. बोलत नसे असं नाही. बोले, पण मोजकं, आणि बोललेलं पुन्हा समजावून देत नसे. "भात गरम" म्हणजे भात गरम आहे, तो निवेपर्यंत मी हात लावणार नाही, तुम्ही फुंकर घालू नका आणि घाईही करू नका, एवढं सगळं. ही भाषा शिकायला वैजयंतीबाईंची वीस वर्षं गेली होती आणि अजूनही अधूनमधून चुकायचं. वडील लवकर गेले. घरात दोघंच. एकसष्टाव्या वर्षी बाईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली: मला काही झालं तर याची भाषा कुणाला येणार?

आणि त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार बेचाळीसमध्ये, मिरजेत गंधपट्टा आला.

माणूस घाबरला की कुत्र्याला कळतं, हे कुत्रं पाळलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. भीतीने माणसाच्या घामात आणि श्वासात काही बारीक रसायनं वाढतात. आपल्या नाकाला त्यांचा पत्ता नसतो, कुत्र्याला चटकन लागतो. अडचण एवढीच होती, की कुत्र्याला कळलेलं माणसाला कळत नव्हतं. ती आता सुटली होती. कुत्र्याच्या मेंदूत वासाचे संदेश पहिल्यांदा जिथे उतरतात, तिथे तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवता येऊ लागली होती. कुत्र्याने वास घेतला, की त्या जागी विजेच्या ठिपक्यांची एक रांगोळी उमटते. दर वासाची रांगोळी वेगळी. गळ्यातला पट्टा ती वाची, शंभर वासांच्या गर्दीतून एकाच माणसाची रांगोळी वेगळी काढी आणि त्या माणसाच्या मनाची अवस्था तीन दिव्यांनी दाखवी. हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे अस्वस्थ, तांबडा म्हणजे घाबराघुबरा.

आल्हादसारख्या प्रौढांना कुत्र्यांची सोबत मानवते, हे आधीपासून माहीत होतं. कुत्रं प्रश्न विचारत नाही, डोळ्यांत डोळे घालून बघ म्हणत नाही. पट्ट्याने त्यात भर घातली. पाठोपाठ कायदा आला. ज्यांना आपलं म्हणणं नीट मांडता येत नाही, त्यांच्या बाबतीत पट्ट्याची नोंद हीच त्यांची मर्जी समजावी. कुठे राहायचं, काय काम करायचं, कुणाला भेटायचं, सगळं. मुक्यांना वाचा फुटली, असं वर्तमानपत्रांनी मोठ्या अक्षरांत छापलं.

ते वाचून वैजयंतीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. त्या आठवड्यात औदुंबरला कीर्तन होतं. उत्तररंगात त्यांनी हाच विषय घेतला. "दत्तमहाराजांच्या पायाशी चार श्वान का, असं पोरं मला विचारतात. मी इतकी वर्षं ते चार वेद म्हणून सांगत आले. आज सांगते, वेद असतीलही, पण ते आधी कुत्रेच आहेत! माणसाला जे उमगत नाही ते त्यांना उमगतं, म्हणून महाराजांनी त्यांना जवळ बसवलंय." लोकांनी माना डोलावल्या. आल्हादने झांज वाजवली.

मिरजेबाहेर म्हैसाळ रस्त्याला 'सहवास' नावाची वसाहत होती. बैठ्या खोल्या, मध्ये मोठं अंगण, मागे बाग. चालवणाऱ्या डॉक्टर निहारिका मगदूम, वय छत्तीस, हुशार, कामसू, चप्पल घालायचीही सवड नसल्यासारख्या कायम धावत. आल्हाद पहिल्यांदा तिथे गेला, तेव्हा त्याच्यापुढे सात कुत्री सोडली. सहा शेपट्या हलवत आली. सातवी, तपकिरी ठिपक्यांची एक गावठी कुत्री, पाठ करून बसून राहिली. आल्हाद जाऊन तिच्यामागे तसाच पाठ करून बसला. पाऊण तास दोघं पाठीला पाठ लावून होती. मग तो म्हणाला, "ही."

"नाव बुंदी हाय हिचं," सलमा मुजावर म्हणाली. ही तिथली काळजीवाहू, मिरजेचीच, तिशीच्या आतली, तोंडाने फटकळ. "सगळ्यांशी कट्टी असती हिची. तुमच्याशी बरी जमली, भाऊ."

डॉक्टरांनी वैजयंतीबाईंच्या हाती कोरा पांढरा बनियन ठेवला. "ताई, हा आठ दिवस आल्हादच्या अंगात राहू दे. दिवसरात्र. धुवायचा नाही, साबण नाही, अत्तर नाही. याच्यावरूनच बुंदीच्या पट्ट्याला आल्हादची ओळख पटणार आहे. एकदा शिकला, की कायमचा."

घरी येऊन बाईंनी बनियन त्याच्या अंगात घातला. अर्ध्या मिनिटात तो जमिनीवर होता. "टोचतं." दुसऱ्यांदा घातला. "टोचतं." तिसऱ्यांदा घालायची सोय नव्हती.

नवं कापड तान्ह्या मुलाच्या अंगाला लावायचं नाही, जुन्या लुगड्याची झबली शिवायची, ही आपली रीतच आहे. इतर मुलं झबल्यांतून बाहेर येतात, आल्हाद काही आला नाही. म्हणून त्या घरात एकतीस वर्षं एक वळण पडलेलं होतं. त्याचा प्रत्येक नवा कपडा आधी आई वापरायची, मऊ करायची आणि मग त्याला द्यायची. सदरे, चादरी, टॉवेल, सगळं. वैजयंतीबाईंना त्यात काही विशेष वाटतच नसे. त्यांनी बनियन आपल्या अंगात, पोलक्याखाली घातला. पाच दिवस घातला. मधे दोन कीर्तनं झाली, दोन्ही वेळा घामाने निथळल्या. सहाव्या दिवशी साबण न लावता गरम पाण्यातून काढला, वाळवला आणि आल्हादला दिला. त्याने हुंगला, हाताने चोळून पाहिला आणि निमूट घातला. तीन दिवस काढला नाही.

"आठ दिवस झाले ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, झाले की."

ते खोटं नव्हतं. बनियनचे आठ दिवस झाले होते. इतक्या बारीक गोष्टी डॉक्टरांना काय सांगायच्या?

चार दिवसांनी डॉक्टरांचा आनंदाने फोन आला. "ताई, नमुना इतका ठसठशीत आलाय! क्वचित येतो असा."

आल्हाद 'सहवास'मध्ये राहायला गेला. वैजयंतीबाईंनी मनावर दगड ठेवला, पण मुलगा रमला हे त्यांना दिसत होतं. तो बुंदीला सकाळ-संध्याकाळ विंचरी, मोजून चाळीस वेळा. तो अस्वस्थ झाला, की ती येऊन त्याच्या मांड्यांवर सगळं अंग टाकून पडे. त्या ओझ्याने त्याचा श्वास हळूहळू खाली बसे. बागेतल्या वाफ्यांना पाणी घालायचं काम त्याने मागून घेतलं. रोज पाच वाजता वैजयंतीबाई सांगलीहून बसने येत. तो फाटकाशी उभा असे. त्यांचा हात धरून बाकावर बसे, सहा वाजता हात सोडी आणि आत जाई. ठरलेलं.

फक्त पट्टा. बाई फाटकातून आत आल्या, की बुंदीच्या गळ्यातला दिवा तांबडा होई.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी सलमा म्हणाली, "मावशी, साडी बदलून बघा. तांबड्या साडीला घाबरत असतील भाऊ." बाईंनी साडी बदलली. मग केसांचं तेल बदललं. मग चालणं बदललं, हळूहळू, बाजूने यायला लागल्या. बसमध्ये बसल्यापासून त्यांची छाती धडधडायला लागे. आज तरी हिरवा राहील का? तळहात ओले होत. फाटक उघडलं, की तांबडा.

तेविसाव्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना खोलीत बोलावलं. भिंतीवर आलेख होता.

"हे बावीस दिवस, ताई. तुम्ही आलात की तांबडा. गेलात, की दहा मिनिटांत हिरवा. एकही दिवस अपवाद नाही."

"पण तो माझा हात धरून बसतो हो."

"सवयीने बसतो. हात धरणं वेगळं, बरं वाटणं वेगळं. इतकी वर्षं आपण बाहेरून अंदाजच करत होतो. आता तो स्वतः सांगतोय."

"तो?"

"पट्टा म्हणजे तोच, ताई." डॉक्टरांचा आवाज खरोखर मऊ होता. "तुमचा दोष नाही यात. काही माणसांना जवळच्या माणसाचाच भार होतो. आवाज, अपेक्षा, जुन्या आठवणी. कायद्याने मला हे नजरेआड करता येत नाही."

दाराशी उभी असलेली सलमा मध्येच म्हणाली, "मॅडम, एक डाव भाऊंनाच विचारू की."

"विचारलं तर तो 'आई' म्हणेल, सलमा. तो शब्द त्याला पहिल्यापासून येतो. त्याचा अर्थ काय, ते पट्टा सांगतोय."

सलमाने वैजयंतीबाईंकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही बोला. विचारू?"

खिडकीतून आल्हाद दिसत होता. बुंदीला विंचरत होता. दहा पावलांवर तर होता. वैजयंतीबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"नको गं," त्या म्हणाल्या. "त्याला कशाला कोड्यात टाकायचं? एकतीस वर्षं मी त्याला जाच केला असेल आणि बिचाऱ्याला सांगता आलं नसेल, तर आता तरी सुटू दे त्याला." आणि त्यांनी भेटी बंद करण्याच्या कागदावर सही केली. त्या दिवशी त्या पाचची वाट न बघता मागच्या दाराने गेल्या.

पुढचे चौदा महिने त्यांनी कीर्तनावर काढले. दुःख देवाला वाहिलं, की त्याचा प्रसाद होतो, असं त्या आयुष्यभर सांगत आल्या होत्या. आता स्वतःचं वाहिलं. नाव न घेता त्या एका आईची गोष्ट सांगत. लेकराला आपली सावलीही जड होते असं कळल्यावर ती सावली उचलून निघून गेली. "माया करणं सोपं आहे, मंडळी. मायेपायी दूर होणं, ही शेवटची पायरी." बायका पदराने डोळे पुसत. गावोगावची बोलावणी वाढली. आणि खरं सांगायचं तर, त्या डोळे पुसण्याचा वैजयंतीबाईंना आधार वाटू लागला होता. झांजेला आता गजाभाऊंचा पुतण्या बसे. तो कधी पुढे जाई, कधी मागे. कीर्तनाच्या शेवटी लोक टाळ्या वाजवत. आता टाळ्या चालत होत्या.

मग एका सकाळी, त्या फुलं निवडत असताना, सलमाचा फोन आला.

"मावशी, या तुम्ही. मॅडमना सांगून नाही, माझ्या मनानं बोलवतीय. काल अंगणात टाळ्या वाजल्या अन् भाऊंनी डोकं आपटून घेतलं. सात टाके पडले."

वैजयंतीबाईंच्या हातातली परडी खाली ठेवायची राहिली. "पट्टा? पट्टा काय म्हणत होता?"

"हिरवा!" सलमा ओरडलीच. "हिरवागार, मावशी! भाऊ भिंतीवर डोकं आपटत होते, बुंदी त्यांच्या अन् भिंतीच्या मधी घुसली, तिची बरगडी दुखावली, तरी तिच्या गळ्यात हिरवा दिवा. मी मॅडमना म्हणलं, कुत्री गळा फाडून सांगतीय, तुम्ही तिच्या गळ्यात काय बघताय?"

"आधी कधी झालं होतं असं?"

"मनगट चावायचे. वर्ष झालं. अन् तुम्ही बंद झाल्यापास्नं रोज पाचला फाटकाशी उभे. 'आई पाच, आई पाच.' मी नोंदवहीत लिहायचे. मॅडम खाली लिहायच्या, पट्टा हिरवा, निरर्थक पुनरुक्ती. चार महिन्यांनी भाऊंनी ते म्हणायचं सोडलं. मग मॅडमनी लिहिलं, सुधारणा."

दुपारी वैजयंतीबाई डॉक्टरांच्या समोर बसल्या होत्या. डॉक्टर निहारिका रात्रभर झोपल्या नसाव्यात. टेबलावर काढून ठेवलेला पट्टा होता आणि शेजारी बंद पिशवीत तो जुना बनियन.

"ताई, मला एक नीट आठवून सांगा. हा आठ दिवस आल्हादच्याच अंगात होता?"

वैजयंतीबाईंनी सांगितलं. टोचत होता, मऊ केला, पाच दिवस मी, तीन दिवस तो. सांगताना त्यांना अजूनही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. डॉक्टरांचा चेहरा बघून मात्र त्यांचा आवाज खाली खाली गेला.

"नमुना दूषित होता," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे माझ्यामुळे दूषित."

"तुमच्या घामाने. त्यात तुमचाच वास जास्त होता. पट्टा आल्हाद समजून तुम्हाला ओळखायला शिकला."

वैजयंतीबाईंना पहिल्यांदा नीट उमगलं नाही. मग उमगलं. "म्हणजे तांबडी मी होते?"

"हो. तुम्ही घाबरत घाबरत फाटकातून येत होता. बुंदीला तुमची भीती कळायची, पट्टा ती दाखवायचा. दिवा तांबडा बघून तुम्ही जास्त घाबरायचात. तुम्ही गेलात, की पट्ट्याला शोधायला तो वासच उरायचा नाही. वास नाही, म्हणजे भीती नाही. म्हणजे हिरवा."

"आणि आल्हाद?"

"आल्हादचं पट्ट्याला काहीच कळत नव्हतं." डॉक्टर खिडकीकडे बघत होत्या. "पहिल्या दिवसापासून."

बाहेर कुठेतरी नळ सुरू होता. डॉक्टरांनी बनियनची पिशवी बाजूला सारली.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "धुवायचा नाही, दिवसरात्र त्याच्याच अंगात, मी बजावलं होतं."

"बजावलंत. आणि माझा मुलगा फाटकाशी उभा राहून सांगत होता, त्याला तुम्ही निरर्थक लिहिलंत."

दोघींचंही खरं होतं, आणि दोघींनाही ते पुरत नव्हतं.

डॉक्टरांनी स्वतःला सावरलं. "आपण नवा नमुना घेऊ. या वेळी मी स्वतः इथे राहीन. आठ दिवसांत पट्टा नव्याने शिकेल. मग त्याला तुम्ही हव्या आहात की नाही, ते नक्की कळेल. कायद्यालाही तशी नोंद लागेल."

"नको," वैजयंतीबाई उठल्या. "मी विचारते त्याला."

आल्हाद बागेच्या कडेला पायरीवर बसला होता. कपाळाला पांढरी पट्टी. बुंदी त्याच्यापुढे कुशीवर पडली होती, तिच्याही छातीभोवती कापड गुंडाळलेलं. तो तिला विंचरत होता, दुखऱ्या बाजूला न लावता. सलमा थोडी दूर, वाफ्याशी उभी होती. वैजयंतीबाई त्याच पायरीवर, पण हाताच्या अंतरावर बसल्या. त्यांनी त्याचा हात धरला नाही. केस पिकलेले दिसत होते त्याचे, कानांशी. चौदा महिन्यांत पिकले होते.

"सदतीस. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस." त्याने फणी खाली ठेवली. "आई."

"दुखतं का रे फार?"

"पट्टा हिरवा होता," आल्हाद म्हणाला. नजर फणीवर. "मी हिरवा नव्हतो."

"हो राजा. पट्टा चुकला. आता कळलंय सगळ्यांना."

"पहिला दिवस. आई पाच. आई नाही. दुसरा दिवस. आई पाच. आई नाही." तो एकेक दिवस ठेवावा तसा शब्द ठेवत होता. "एकशे सव्वीस दिवस. मग थांबलो."

एकशे सव्वीस. वैजयंतीबाईंना वाटलं, तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने झांजेसारखा एकेक दिवस वाजवला होता, आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

"मी का येत नाही, ते तुला कुणी सांगितलं होतं का?"

"मॅडम म्हणाल्या, पट्टा तांबडा होतो." तो जरा वेळ थांबला. त्याला बोलायला तेवढा वेळ लागतो, हे त्या जाणून होत्या. "मी इथे होतो. खिडकीतून तू दिसत होतीस. तू पण पट्टा बघितला."

त्या बाईला अभंगाच्या एका चरणावर दोन तास बोलता येई. समोर पाचशे माणसं असोत, हजार असोत, तिची जीभ कधी अडखळली नव्हती. मला वाटलं मी तुला जाचते. तुझ्यासाठीच गेले. रोज तुझ्या नावाने दिवा लावला. सगळं खरं होतं, सगळं तोंडाशी आलं आणि त्यातलं एकही त्याच्यापुढे ठेवण्याजोगं वाटेना. गावोगाव जी गोष्ट सांगून त्यांनी लोकांना रडवलं होतं, ती या पायरीवर बसून त्यांना स्वतःला ऐकवली नसती.

"हो," त्या म्हणाल्या. "मीही पट्टाच बघितला. तुला विचारलं नाही. चुकले."

त्याने बुंदीच्या कानामागे बोट फिरवलं.

"आता विचारते, आल्हाद. मी परत रोज येऊ का?"

सलमाची नजर सवयीने बुंदीच्या गळ्याकडे गेली. तिथे आता काही नव्हतं, दबलेल्या केसांचं एक वळं तेवढं होतं. आल्हाद विचार करत होता. ओठ हलत होते, शब्द आतल्या आत लावून बघत असावा. वाफ्यातलं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात गेलं, दुसरं भरलं. वैजयंतीबाईंनी घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्याचं उत्तर आधी माहीत नव्हतं.

"नाही," आल्हाद म्हणाला.

"भाऊ!" सलमाला राहवलं नाही. "नीट ऐकलं का तुम्ही? आई विचारत्यात, रोज येऊ का म्हणून. तुम्ही वाट बघत होता ना त्यांची?"

"वाट बघायची नाही आता," आल्हाद म्हणाला. "पाच वाजता पोटात दुखायचं. आता दुखत नाही. बुंदीला विंचरतो. आई येईल म्हणालं की परत दुखेल." मग, कुणाला शंका राहू नये म्हणून, त्याने पुन्हा सांगितलं. सांगितलेलं पुन्हा कधी न सांगणाऱ्या आल्हादने. "नाही."

"अहो पण—"

वैजयंतीबाईंनी हात वर केला. "सलमा. सांगितलंय त्याने."

आठवड्यातून एकदा? सणाला? लांबून, फाटकाबाहेरून? विचारायला किती तरी होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. एकतीस वर्षं त्या देवाला दुसरं काही मागत नव्हत्या. कुणीतरी माझ्या मुलाला विचारावं आणि तो सांगेल ते खरं मानावं, एवढंच. देवाने ऐकलं होतं. ते कुणीतरी त्याच असणार होत्या, आणि तो जे सांगणार होता ते हे होतं.

"बरं," त्या म्हणाल्या.

आल्हादने मान हलवली. त्याचे खांदे खाली आले. त्या पायरीला हात टेकून उठल्या. डॉक्टर दारात उभ्या होत्या, हातात नवा बनियन होता. वैजयंतीबाई त्यांच्याजवळून पुढे गेल्या. अंगण ओलांडून फाटकाजवळ पोचल्या, तेव्हा मागे आल्हादचा आवाज आला. तो बुंदीशी बोलत होता, आणि त्या आवाजात इतका मोकळेपणा त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"आईने ऐकलं," तो तिला सांगत होता. "मी नाही म्हणालो. आईने ऐकलं."

वैजयंतीबाई थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या, तर ऐकलं नाही असं झालं असतं.